मे महिन्याचं बिल, तापलेला स्लॅब आणि 5 किलोवॅटचं सोलर : जुळे सोलापूरच्या एका घरासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. जुळे सोलापूरला स्वतःचं घर, खाली-वर दोन मजले, वरच्या मजल्यावर दोन बेडरूम आणि त्यांच्या डोक्यावर उघडी गच्ची. पश्चिमेच्या बेडरूममध्ये 9 वर्षं जुना दीड टनाचा 3 स्टार एसी, रात्री 1 वाजेपर्यंत खोली गार होत नाही आणि कॉम्प्रेसर बंदच पडत नाही. जानेवारीत 150 युनिट, मे महिन्यात 610, वर्षाचे मिळून साधारण 3,600. हातात दीड लाख आहेत. सोलरवाला म्हणतोय 5 किलोवॅट टाका, एसीच्या दुकानदाराचं म्हणणं नवीन इन्व्हर्टर एसी घ्या, आणि मेहुणे म्हणतायत पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, खोली गार राहते. यातलं आधी काय करू, असं विचारलंय तुम्ही.

मी इथं घरं बांधायचं आणि जुनी घरं दुरुस्त करायचं काम करतो, त्यामुळं असली तिहेरी ओढाताण कायम बघतो. तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, पण तिघांपैकी एकानंही तुमच्या गच्चीवर दुपारी 3 वाजता चप्पल काढून उभं राहून बघितलेलं नाही. तुमचा खरा प्रश्न विजेचा नाहीच, उन्हाचा आहे. जानेवारीचे 150 युनिट म्हणजे तुमचं घर चालवायचा खर्च, फ्रिज, लाइट, टीव्ही, मोटर सगळं त्यात आलं. मे महिन्यातले वरचे 460 युनिट म्हणजे छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून आत आलेलं ऊन परत बाहेर ढकलायचा खर्च. हे उन्हाचं बिल आहे. ते कमी करायचं तर ऊन आतच येऊ द्यायचं नाही, एवढी साधी गोष्ट, पण विकणाऱ्याच्या हातात त्यातलं काही पडत नसल्यानं कुणी सांगत नाही.

बिल बघताना रुपये बघू नका, युनिट बघा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात आणि 300 च्या पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. म्हणजे तुम्ही मे महिन्यात 610 चे 350 केलेत तर जे 260 युनिट वाचले ते सगळे महागातले वाचले. म्हणून उन्हाळ्यातली बचत ही हिवाळ्यातल्या बचतीपेक्षा रुपयात जास्त दिसते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या आधीच सांगून टाकतो. गच्ची तुमची स्वतःची आहे म्हणून पुढचं सगळं जमतंय, अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला सोसायटीची परवानगी लागते आणि नसेल मिळत तर खोलीच्या आतून उपाय करावा लागतो. स्लॅब गळतोय का हे तुम्ही लिहिलेलं नाही. गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाकी सगळं, ओल्या स्लॅबवर काहीही चढवलं तरी दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. आणि दुपारी वर कुणी असतं का, यावरही बरंच ठरतं. आई-वडील दुपारभर वरच्या खोलीत असतील तर गणित वेगळं, नुसतं रात्री झोपायलाच वर जात असाल तर वेगळं.

स्लॅबवर जरा जास्त वेळ घालवतो कारण सगळं तिथंच आहे. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर येतंय, त्यामुळं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली पडत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही, सगळं आडव्या स्लॅबवर पडतं. त्यात आपल्याकडं वर्षानुवर्षं सिमेंटचा काळपट पडलेला कोबा, शेवाळ वाळून आणखी काळा झालेला. असा पृष्ठभाग उन्हाचा बराचसा भाग गिळतो, हवा 42 अंश असताना गच्चीची फरशी 60 च्या पुढं जाते.

आणि आरसीसी स्लॅबची एक वाईट खोड आहे. आपल्या भागातली जुनी माळवदाची घरं बघा, लाकडावर फूटभर पांढरी माती आणि भिंती दीड-दोन फुटी. तिथं दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत दुसरी सकाळ उजाडायची, तोवर वरचं माळवद गार झालेलं असायचं. पत्र्याचं घर उलटं, दुपारी भाजून काढतं पण सूर्य मावळला की तासाभरात गार. आपला 5 इंची स्लॅब या दोन्हींच्या मध्ये अडकलाय, दुपारी खाल्लेली उष्णता तो संध्याकाळी 7 पासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो, म्हणजे बरोबर तुमच्या झोपायच्या वेळेला. तुमचा एसी 1 वाजेपर्यंत थांबत नाही त्याचं कारण हे आहे, एसी म्हातारा झालाय हे दुसऱ्या नंबरचं.

आकड्यात सांगतो, ढोबळ हिशोब आहे पण दिशा बरोबर आहे. 12 बाय 12 ची खोली म्हणजे 13 चौरस मीटरच्या थोडं वर छत. उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, आतबाहेर 1 अंशाचा फरक असताना, 3 वॅटच्या वर उष्णता आत येते, याला आमच्यात यू-व्हॅल्यू म्हणतात. केंद्र सरकारच्या इको निवास संहिता 2018 मध्ये छताचा हा आकडा 1.2 पेक्षा जास्त नको असं आहे, आपली बहुतेक घरं त्याच्या जवळपाससुद्धा नाहीत. आता उन्हासकट बाहेरचं तापमान 65 धरा, आत 27. तर त्या एका छतातून साधारण 1,650 वॅट उष्णता आत येते. दीड टनाचा एसी कागदावर 5,200 वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद नुसत्या छताशी भांडण्यात गेली. आणि कागदावरची ताकद ही बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते, आपल्याकडं 42-43 ला ती अजून कमी भरते.

तेच छत पांढरंशुभ्र केलं तर 1,650 चे 1,000 च्या आसपास होतात. पांढरं न करता नुसतं इंचभर जाडीचं चांगलं इन्सुलेशन टाकलं तर 450. दोन्ही केलं तर 300 च्या आत.

आता करायचं कसं. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून घ्यायचं, चुना आदल्या रात्री भिजवून गाळून घ्यायचा, त्यात थोडा फेविकॉल मिसळायचा म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि उन्हं उतरल्यावर ओल्या फरशीवर कुंच्यानं दोन-तीन हात मारायचे. भर उन्हात मारलेला चुना भुकटी होऊन उडतो. कळीचा चुना भिजवताना उकळतो, अंगावर-डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा-हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. पाऊस पडला की चुना निम्मा धुऊन जातो, त्यामुळं दरवर्षी होळीच्या आसपास परत मारायचा. घरातली मंडळी गच्चीवर कुरडया-पापड घालत असतील तर खाली जाड कापड टाका, चुना लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे बाजारात मिळणारा कूल रूफचा पांढरा कोट. चांगला असेल तर काही वर्षं टिकतो आणि बारीक भेगाही भरतो. पण आपल्याकडं धूळ इतकी आहे की सहा महिन्यांत पांढऱ्याचा भुरा होतो आणि भुरा झाला की फायदा कमी होतो, म्हणून मार्चमध्ये एकदा आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा गच्ची धुवायचीच. कायमचं करायचं असेल तर पांढऱ्या चायना चिप्सचं, म्हणजे चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचं काम, जुन्या चांगल्या घरांवर अजून दिसतं. डोळ्यांवर चमकतं, दुपारी कपडे वाळत घालायला गेलं की डोळे मिटावे लागतात, पण खाली झोपणारा सुखी.

तिसरा, आणि माझ्या मते तुमच्या घराला सगळ्यात योग्य, म्हणजे स्लॅबच्या वरून इन्सुलेशन. वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर एक्सपीएसचे (घट्ट फोमचे) दाबाला टिकणारे बोर्ड, त्यावर प्लास्टिकचा किंवा जिओटेक्स्टाइल कापडाचा थर, त्यावर बारीक जाळी टाकून कोबा आणि पांढरी फरशी. गच्चीवर चालता येतं, टाकी ठेवता येते. साधं पॅकिंगचं थर्माकोल टाकतो म्हणणारा ठेकेदार आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, ते दबतं आणि पाणी धरतं. नुसत्या ब्रिकबॅट कोब्यानं गार होईल असंही काही जण सांगतात. विटांच्या तुकड्यांनी उष्णता जरा उशिरा येते एवढंच, अडत फारशी नाही.

इन्सुलेशन वरूनच का, आतून का नाही, याचं कारण सांगतो म्हणजे मेहुण्यांच्या फॉल्स सीलिंगचंही उत्तर मिळेल. पीओपीचं सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधल्या हवेनं थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण वरचा स्लॅब तसाच तापत राहतो, रोज फुगतो आणि आकसतो, त्यानं भिंतीच्या माथ्यावर आडव्या भेगा जातात, आणि ती सगळी उष्णता रात्रभर सीलिंगवर बसून असते. शिवाय पंखा खाली येतो, खोली ठेंगणी होते. करायचंच असेल तर सीलिंगच्या वर इन्सुलेशनचा थर टाकून घ्या, तेव्हा त्याला अर्थ येतो, अपार्टमेंटवाल्यांना मी तेच सांगतो. तुम्हाला गच्ची मोकळी असताना आतून करायची गरज नाही.

हिरवी शेडनेट हा चौथा प्रकार, भाड्याच्या घरात किंवा एका उन्हाळ्यापुरता उत्तम. स्लॅबपासून सहा-सात फूट वर बांधायची, खालून वारा वाहिला पाहिजे. फक्त आपल्याकडं मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी जी वावटळ येते ती ध्यानात ठेवून बांधा, नाहीतर नेट शेजाऱ्याच्या गच्चीवर आणि बांबू रस्त्यावर. आणि गच्चीवर काळी पाण्याची टाकी असेल तर तिलाही पांढरा रंग द्या किंवा सावली करा, दुपारी 2 ला नळाखाली हात धरवत नाही ते त्या टाकीमुळं.

पश्चिमेच्या खोलीचं दुसरं दुखणं म्हणजे दुपारी 3 ते 6 चं तिरपं ऊन. वरच्या छज्ज्याचा त्या उन्हाला काहीच उपयोग होत नाही, सूर्य खाली आलेला असतो. तिथं खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेटचा पडदा लावा, बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बरेच जण खिडकीला सोलापुरी चादर टांगतात, तीही आतून, तीच बाहेरून ग्रिलला बांधली तर दुप्पट काम करील. भिंतीला बाहेरून फिकट रंग. जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा, त्याचा फायदा पोरांना होईल, तोवर जाळीवर मधुमालती चढवा, ती दोन वर्षांत भिंत झाकते.

आता फुकटातली गोष्ट, जी लोक करत नाहीत. सोलापूरची हवा कोरडी, एप्रिल-मे मध्ये दिवसा 41-42 आणि पहाटे 25-26, म्हणजे रोज 15 अंशांचा फरक. मुंबईवाल्यांना हे नशिबात नाही. तेव्हा सकाळी 8-9 ला सगळी दारं-खिडक्या बंद, पडदे खाली, आणि रात्री 10 नंतर सगळं उघडं. तुमच्या घराला जिना वर गच्चीपर्यंत जात असणार, त्याच्या वरच्या टोकाला गरम हवा साठते. तिथल्या खिडकीत एक साधा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि रात्री खालच्या मजल्याच्या खिडक्या उघडून तो चालू करा, अख्ख्या घराची गरम हवा वरून निघून जाते. खिडक्यांना जाळ्या हव्यात, नाहीतर डास तुम्हाला एसीकडंच परत पाठवतील. दिवसा खिडक्या उघड्या टाकून हवा खेळू द्या असं आपण ऐकत आलोय, पण मे महिन्यातल्या दुपारी जी आत येते ती हवा नसते, झळ असते.

पंख्यांबद्दल थोडक्यात. जुना सीलिंग फॅन 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा 28 ते 35. दिवसाला 15 तास आणि वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागं 160 युनिटच्या आसपास वाचतात. घरातले सगळे एकदम बदलू नका, जे सगळ्यात जास्त फिरतात ते दोन-तीन बदला, हॉल आणि दोन्ही बेडरूम. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काय मिळणार. बसवताना वायरमनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधं बटण ठेवायला सांगा, बहुतेक बीएलडीसी पंखे त्या रेग्युलेटरवर नीट चालत नाहीत. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरीही जास्त वेळ पुरते, हा वरचा फायदा.

कूलर की एसी, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर जबरदस्त चालतो. 41 अंश आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडचा कूलर 26-27 अंशांची हवा देतो, आणि खातो किती तर 200 वॅटच्या आसपास, तुमचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजाराच्या वर खातो. पण तीन अटी. एक म्हणजे कूलर खिडकीच्या बाहेर पाहिजे आणि समोरची खिडकी थोडी उघडी, बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात नुसता दमट चिकचिकाट. दुसरी म्हणजे जूनचा पाऊस सुरू झाला की तो निकामी. तिसरी आणि आपल्या गावात सगळ्यात मोठी, पाणी. कडक उन्हात कूलर तासाला 8-10 लिटरसुद्धा पितो, रात्रभरात 80 लिटर गेले. ज्यांच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्यांनी हे हौदाच्या हिशोबात धरावं. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार बसून पॅड दगडासारखे होतात, दर आठवड्याला टाकीतलं पाणी पूर्ण बदलायचं. आणि पत्र्याच्या बॉडीच्या कूलरला अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका, दरवर्षी कूलरच्या शॉकनं माणसं जातात, बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, हा खर्च बचतीत धरू नका पण टाळूही नका.

माझं मत विचाराल तर पाण्याची सोय असेल तर दुपारी आई-वडिलांच्या खोलीला कूलर, रात्री झोपायला एसी.

एसीबद्दल बोलायचं तर लगेच बदलू नका. आधी त्याची सर्व्हिस करा, आतली-बाहेरची दोन्ही कॉइल पाण्याच्या प्रेशरनं धुऊन. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर त्याच्यावर सावली करा, पण समोर मोकळं ठेवा, त्याला चारी बाजूंनी झाकलं तर आणखी वाईट. तापमान 26 वर ठेवा आणि पंखा लावा. स्टार लेबल देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या हिशोबानं दर एका अंशाला साधारण 6 टक्के वीज वाचते, 20 वर लावून पांघरूण घेणाऱ्यांनी हे आकडे एकदा गुणून बघावेत. स्लॅबचं काम झाल्यावर एक उन्हाळा बघा, तेव्हा कदाचित लक्षात येईल की त्या खोलीला दीड टन लागतच नाही, एक टन पुरतो, आणि एक टनाचा 5 स्टार इन्व्हर्टर हा दीड टनाच्या 5 स्टारपेक्षा घ्यायलाही स्वस्त आणि चालवायलाही. आत्ता घाईत घेतलात तर तापलेल्या छताच्या मापाचा एसी घ्याल आणि तो पुढची दहा वर्षं तुमच्याकडं राहील. घ्याल तेव्हा स्टारच्या लेबलवरचं साल वाचा, स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, जुन्या सालातला 5 स्टार म्हणजे आजचा 5 स्टार नव्हे. लेबलवरचे वर्षाचे युनिट 1,600 तास चालवण्याच्या हिशोबानं असतात, तुमचे तास त्याहून कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात धरा.

जानेवारीच्या 150 युनिटमध्ये फार काही काढण्यासारखं नाही, घर तुमचं आधीच बेताचं चालतंय. एक तपासणी मात्र करा. रात्री फ्रिज, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, मोटर सगळं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा. तरीही लुकलुकत असेल तर कुठंतरी वीज गळतेय किंवा एखादा पॉइंट तुम्हाला माहीत नाही. जुना इन्व्हर्टर आणि दिवसभर चालू राहिलेला सेटटॉप बॉक्स हे नेहमीचे चोर. मोटर टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह बघा. गिझरचं म्हणाल तर मार्च ते मे आपल्याकडं टाकीचंच पाणी आंघोळीला गरम येतं, बटण बंद ठेवा.

आता सोलर. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही, सोलापुरात ऊन फुकट पडतंय आणि ते वापरलंच पाहिजे. पण गळक्या हौदाला आणखी मोठी मोटर बसवण्यात काय अर्थ आहे, आधी भोक बुजवा. आपल्याकडं 1 किलोवॅट सोलर सरासरी दिवसाला 4 युनिट देतं. 5 किलोवॅट म्हणजे वर्षाला 7,300 च्या आसपास, आणि तुमचा वापर 3,600. दुपटीचं काय करणार? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरची वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घ्यायच्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण मार्चअखेर आर्थिक वर्ष संपताना जे उरतात त्यांचे पैसे किरकोळ दरानं मिळतात, तुम्ही ज्या दरानं विकत घेता त्या दरानं नाही. अनुदानाचंही बघा. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्यापुढं कितीही टाका तरी 78,000. म्हणजे 3 च्या वरचे 2 किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी सेलचे असले पाहिजेत, कोटेशनवर डीसीआर लिहिलंय का ते बघा.

स्लॅब, पडदे आणि पंखे झाल्यावर तुमचे 3,600 चे 2,700 च्या आसपास यावेत असा माझा अंदाज, आणि 2 किलोवॅट वर्षाला 2,900 देतं. पुढं दुसरा एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार असेल तर 3 घ्या, त्याच्यापुढं जायचं कारण मला दिसत नाही. पॅनेल बसवताना स्लॅबपासून उंच घ्या म्हणजे खालून वारा जातो, पॅनेल तापलं की त्याची वीज कमी होते, दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के, आणि खालच्या स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते. पश्चिमेच्या बेडरूमच्या वरच बसवायला सांगा, सावली तिथंच हवी आहे. इन्सुलेशनचं काम सोलरच्या आधी उरकायचं, नाहीतर स्टँडचे पाय उखडून परत वॉटरप्रूफिंग करत बसाल. आणि एक गैरसमज, लाइट गेली की साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलरही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावर बॅटरीचा इन्व्हर्टर लागणारच.

दीड लाखाचा क्रम मग असा होतोय : आत्ता चुना, बाहेरच्या चिका, तीन पंखे, एसीची सर्व्हिस आणि जिन्यातला एक्झॉस्ट, यात बजेटचा छोटासा भाग जाईल. एक उन्हाळा काढा. नंतर दोन बेडरूमवरचं इन्सुलेशन, अख्ख्या गच्चीवर नको, जिथं खाली माणसं झोपतात तिथंच. हे काम दिवाळीनंतर घ्या, पावसाळ्यात गच्ची उघडी टाकू नका. उरलेले पैसे आणि अनुदान मिळून 2 किलोवॅट सोलर.

आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर या मार्चमध्ये चुना फक्त पश्चिमेच्या बेडरूमवर मारा, दुसरी तशीच ठेवा. ऑनलाइन मिळते ती इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घ्या किंवा एखाद्या एसी मेकॅनिककडून आठवडाभर मागून आणा, रोज रात्री 9 ला दोन्ही खोल्यांच्या छताचं आतून तापमान घ्या, दोन्ही खोल्यांचे पंखे बंद असताना आणि एसी लावायच्या आधी. आठ दिवसांचे आकडे मला इथंच खाली टाका, त्यावरून इन्सुलेशन 1 इंच पुरेल का 2 इंच लागेल ते सांगतो.